चाळीस किलोबाइटचं आभाळ

ज्या गावाला टँकर हवा आहे त्या गावाच्या आकाशात ढग असू नयेत, असा लेखी नियम नाही. तरी तसा संकेत आहे, आणि संकेत मोडण्याची आमच्या कक्षाला सवय नाही. मी अकोल्याच्या टंचाई संकेतस्थळ कक्षात कनिष्ठ लिपिक आहे. हा कक्ष नेमका कोणत्या खात्यात मोडतो हे मी रुजू झाले तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि नंतर विचारणं बरं दिसलं नसतं.

वऱ्हाडात कापूस पिकला तरी बातमी व्हायची आणि नाही पिकला तरी बातमी व्हायची, त्या वर्षांतली ही गोष्ट. पाहणीच्या गाड्या इतक्या येत होत्या, की धूळ खाली बसायला रात्र व्हायची. तेव्हा वरच्या कार्यालयाने एक सुंदर विचार केला. पाहायला कोणी जायचंच नाही. गावाने आपला फोटो संकेतस्थळावर टाकावा, वरच्या साहेबांनी तो जागेवर बसून पाहावा, टंचाई दिसली तर टँकर द्यावा. अट एकच. फोटोचं वजन चाळीस किलोबाइटच्या वर नसावं. कारण वरच्या कार्यालयात इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि त्याच तारेवर साहेबांच्या घरून संध्याकाळी भाजी कोणती आणायची याचा फोन यायचा. दोन्ही कामं सरकारी वेळेत व्हायला हवी होती.

पहिला प्रस्ताव आला बाळापूर तालुक्यातल्या पिंपळखुटीचा. या भागात जमिनीखालचं पाणी खारट. गावात गोड पाण्याची एकच विहीर, आणि तिने होळीलाच तळ दाखवला होता. फोटो काढायला बाळापूरचे अब्दुल सत्तार फोटोवाले गेले. त्यांचा सगळा जन्म लग्नांचे फोटो काढण्यात गेलेला. ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. विहिरीच्या काठावर पार्वताबाई नावाच्या एक बाई चौकड्याचं लुगडं नेसून, घागर उपडी धरून उभ्या होत्या. घागरीतून काहीही पडत नव्हतं. सत्तारभाईंनी सवयीनं म्हटलं, "मौसी, थोडं हसा."

"कायले?" पार्वताबाईंनी विचारलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

फोटो फार बोलका होता. खाली कोरडी विहीर, एक निंबाचं झाड, उपडी घागर, आणि चेहऱ्यावर 'कायले'. वर मात्र देवाने हात सैल सोडला होता. क्षितिजाशी आकाश केशरी, थोडं वर पिवळं, मग फिकट, मग निळं. कोणता रंग कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते त्यालाच ठाऊक.

हा फोटो फ्लॉपीत, फ्लॉपी लिफाफ्यात, आणि लिफाफा फाइलीत बांधून आमच्या कक्षात आला. आता आमच्याकडची रीत अशी, की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कागदाने काहीतरी खूण घेऊन जावं. जो आला तसाच पुढे गेला, तो कागद कोणी पाहिलाच नाही असं धरतात. फोटोलाही हाच न्याय लागला. पहिल्या टेबलाने उजेड जरा वाढवला. दुसऱ्याने तो कमी केला, कारण वाढ मंजूर नव्हती. तिसऱ्याने कोपऱ्यात कक्षाचं नाव टाकलं. चौथ्याने त्या नावातली वेलांटी सुधारली. पाचव्याने नाव पुसलं, कारण फोटो काढणारा बाहेरचा होता. आणि प्रत्येकाने आपलं काम झाल्यावर फोटो नव्याने साठवला. वजन आटोक्यात ठेवायला यंत्र दर वेळी थोडे रंग गाळत होतं. शेवटी फोटो आमचे कक्षप्रमुख मोरोपंत यांच्याकडे गेला. मोरोपंत वकिलांच्या घराण्यातले, आवाज मऊ, वाक्य लांब. त्यांनी काहीही बदल केला नाही. त्यांनी फक्त उघडला, पाहिला, आणि पाहिल्याची खूण म्हणून साठवला.

फोटो संकेतस्थळावर चढला तेव्हा सत्तारभाईंच्या आकाशात आडवे पट्टे पडले होते. सतरंजीवर असतात तसे. सरळ, ठळक, प्रत्येकाची कड वेगळी. मला ते तितकेसे वाईट वाटले नाहीत. चतुर्थीचा उपास होता, त्यामुळे मी तसंही कोणाला वाईट म्हणणार नव्हते.

वरून उत्तर लगेच आलं. "छायाचित्राचे अवलोकन केले. आकाशात ढगांचे एकावर एक थर स्पष्ट दिसून येतात. पर्जन्याची दाट शक्यता विचारात घेता टँकरचा प्रस्ताव तूर्त परत करण्यात येत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने पार्वताबाई आल्या. काखेत रिकामी घागर होती. परतताना बाळापूरच्या स्टँडवरच्या नळावर भरून न्यायची, असा त्यांचा हिशेब.

"टँकर कवा येते साहेब?"

"बाई, आपल्या गावावर ढग आहेत," मोरोपंत म्हणाले. "ते एकदा बरसू द्या."

पार्वताबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं. वैशाखाचं ऊन पत्र्यावर कढत होतं. "कोनाच्या गावावर म्हनता?"

"तुमच्याच. संकेतस्थळावर."

"थे कुठी आलं? तथी पानी पडत असन त मी घागर घेऊन तथीच जातो ना."

मोरोपंतांनी मला नजरेनं खुणावलं. अशा वेळी चहा मागवायचा आणि माणसाला बाकावर बसवायचं, हे माझ्या कामात येतं.

बाकाशेजारी निखत बसायची. आमचं संकेतस्थळ तीच चालवते. जुन्या शहरातून स्कुटीवर मोर्णेचा पूल ओलांडून येते, नेमणूक कंत्राटी आहे, त्यामुळे तिला खरं बोलायची मुभा आहे. तिने पडदा पार्वताबाईंकडे वळवला आणि हसू लागली.

"ढग नाही ना हे मौसी! पट्टे आहेत. आपल्याच साहेब लोकांनी पाडले. जीन्स रोज रोज धुतली की कसा रंग जाते, तसा याचा गेला. सहा जणांनी धुतला ना फोटो!"

"मंग वाळू घाला बापा त्याले," पार्वताबाई म्हणाल्या.

मला पट्ट्यांचं कोडं निखतने समजावलं, आणि ते मला रांगोळीवरून कळलं. मी रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळी काढते. केशरीपासून निळ्यापर्यंत मावळतीचं आकाश भरायचं असेल आणि डब्यात चारच रंग असतील, तर चार पट्टे पडणारच. डब्यात चाळीस रंग असते, तर सांधा दिसला नसता. पण चार रंगांतही एक युक्ती असते. दोन रंगांच्या सांध्यावर चिमटीनं थोडं इकडचं तिकडे, थोडं तिकडचं इकडे भुरभुरायचं. जवळून दाणे दिसतात. चार पावलं मागे आलं की रंग एकात एक विरघळतो.

"अरे ताई, तुम्हाला तर सगळं येते!" निखतने टाळी वाजवली. "यंत्रात पण हेच करतात. बारीक दाणे टाकतात पट्ट्यांवर. मग डोळा धोका खातो."

"धोका" हा शब्द ऐकून मोरोपंत जरा थबकले. पण डोळ्याला होणाऱ्या धोक्याबद्दल नियमांत काही नव्हतं, म्हणून त्यांनी होकार दिला. निखतने पिंपळखुटीच्या आकाशात दाणे भुरभुरले. पट्टे खरंच गेले. फोटो पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरला, प्रत्येकाने तो पुन्हा साठवला, आणि बारीक दाण्यांचे जरा मोठे, जरा लांबट ठिपके झाले. हेतू सगळ्याच टेबलांचा चांगला होता.

वरून उत्तर आलं. "अभिनंदन. छायाचित्रात पाऊस सुरू झाल्याचे दिसून येते."

या उत्तराची प्रत कृषी कार्यालयाला गेली होती. पिंपळखुटीचे सरपंच शालिकराम यांना तिथून फोन आला, की वाफसा आला का आणि पेरणी किती एकरांवर झाली. शालिकरामांना वाटलं कोणीतरी थट्टा करतंय; ते म्हणाले, "गावभर झाली साहेब, आता कापाले या." ती माहितीही वर गेली. अशा रीतीने वैशाखातच पिंपळखुटीचा हंगाम आटोपला आणि आणेवारी चांगली निघाली.

पार्वताबाई पुन्हा आल्या. या खेपेला त्यांचा आवाज जरा खाली होता.

"बाई, आता काय म्हनते वरचा?"

"पाऊस पडतोय म्हणतात."

"कवापासून?"

"मंगळवारपासून."

त्यांनी काखेतली घागर खाली ठेवली. मग म्हणाल्या, "गावातले पोरं खारं पानी पिऊन राह्यले बाई. हागवण लागली दोघाइले. म्या म्हनलं, सांगून पाहावं. तुमी त देवाधर्माच्या दिसता." मी त्यांना दाराशी पाणी दिलं. त्या अर्धा पेला प्यायल्या आणि अर्धा त्यांनी घागरीत ओतला.

मी तो प्रकार मोरोपंतांच्या कानावर घातला. मोरोपंत मनाचे वाईट नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, चष्मा काढून त्यांनी पुसला आणि माणूस हळवा झाला की जे करतो ते त्यांनी केलं. समिती नेमली.

तिचं नाव आकाश सुधारणा उपसमिती. अध्यक्ष मोरोपंत. सचिव वामनराव. वामनराव आमच्या आस्थापनेचे. निवृत्तीला आलेले, सगळे नियम तोंडपाठ, आणि नियम सांगताना डोळे मिटायची सवय. निखत निमंत्रित, म्हणजे तिला बसायला खुर्ची होती पण चहा नव्हता. इतिवृत्त मी लिहायचं. पार्वताबाई बाहेर बाकावर.

"पट्टे घालवायचा सोपा उपाय आहे साहेब," निखत म्हणाली. "सत्तारचाचांकडचा असली फोटो घ्या. एकदाच हलका करा. एकदाच साठवा. मधात कोणीच हात लावू नका."

सगळ्यांची नजर दाराबाहेरच्या टेबलांकडे गेली.

"मधात कोणीच नाही?" मोरोपंतांनी हळूच विचारलं. "मग मधली टेबलं काय करतील?"

"काही नाही करतील."

"मुली, तिथे माणसं बसतात. त्यांना संसार आहेत."

वामनरावांनी डोळे मिटले. "न पाह्यलेला फोटो वर गेला, अन् उद्या कोनी विचारलं, तर जबाबदार कोन? पाह्यल्याशिवाय पाठवता येत नायी. साठवल्याशिवाय पाह्यलं असं म्हनता येत नायी. विषय संपला."

विषय खरंच संपला. मग उपसमिती दुसऱ्या उपायाकडे वळली. वजनाची मर्यादा चाळीसवरून साठ करून घ्यावी का? वामनरावांनी सांगितलं, की मर्यादा वाढवायचा प्रस्ताव द्यायला हरकत नाही. पण तोही संकेतस्थळावरूनच द्यावा लागेल, आणि त्याच्यासोबत मर्यादा अपुरी पडते हे दाखवणारा एक फोटो जोडावा लागेल, चाळीस किलोबाइटच्या आतला.

"ठीक आहे," मोरोपंत म्हणाले. "म्हणजे वजन चाळीसच. त्यात आकाशाला जास्त वजन दिलं तर?"

निखतने खांदे उडवले. "तर पट्टे जातील. टेबलांवर किती पण फिरवा, आकाश मजबूत राहील. पण वजन आणू कहाँसे? खालचं काढा लागते."

"खाली काय आहे?"

"गाव आहे साहेब."

"मग काढा."

इतिवृत्तात मी लिहिलं, "सखोल चर्चेअंती खालील भागाचे सुलभीकरण करण्याचे ठरले."

निखत एकेक गोष्ट दाखवायची, तिचं वजन सांगायची, आणि उपसमिती निर्णय घ्यायची. निंबाचं झाड पहिलं गेलं. पानं फार. यंत्राला प्रत्येक पानाची वेगळी नोंद ठेवावी लागते, आणि एवढ्या नोंदी ठेवायला माणसं कुठून आणायची, हे वामनरावांना मनापासून पटलं. मग विहिरीचे दगड. त्यांच्या भेगा वजनाला भारी. भेगा काढल्यावर विहीर नवी दिसू लागली, आणि नवी विहीर टंचाईत शोभत नाही म्हणून तीही गेली. तरी आकाशात अजून एक पट्टा होता. पिवळ्या आणि निळ्याच्या मधला, हट्टी.

"आता सगळं वजन या बाईच्या लुगड्यात आहे," निखत म्हणाली. "चौकडे आहेत ना. एक एक रेघ मोजा लागते यंत्राला."

मोरोपंतांना पहिल्यांदाच त्रास झालेला दिसला. "यांनी चौकडीचं का नेसलं?"

पार्वताबाईंना आत बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बाई," मोरोपंत म्हणाले, "आपण फोटोच्या दिवशी साधं लुगडं का नेसलं नाही? आपल्या लुगड्यामुळे आकाशाला त्रास होतो आहे."

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, निखतकडे पाहिलं, आणि आपल्या लुगड्याकडे पाहिलं. अंगावर तेच होतं. "दोनच हायेत साहेब. साधं मयलं होतं. धुवाले पानी भेटलं की नेसतो."

"पाहा वामनराव," मोरोपंत म्हणाले, "सहकार्याची भूमिका आहे यांची."

"नोंद घेतली," वामनरावांनी डोळे मिटून सांगितलं.

लुगड्यावरचे चौकडे पुसले. मग घागरीची चमक, आणि चमकेमागून घागर. तरीही कमी पडत होतं. निखतने शेवटचा भाग मोठा करून पडद्यावर आणला. तो पार्वताबाईंचा चेहरा होता. निखतचा आवाज जरा बदलला.

"सुरकुत्यांचं वजन आहे साहेब. लय आहे. पण हे नका काढू. मग फोटोत राहिलं काय?"

"आकाश," मोरोपंत म्हणाले. आणि मग समजूत घालत म्हणाले, "हे सगळं आपण कोणासाठी करतो आहोत? यांच्याचसाठी ना?"

पार्वताबाई अजून दारातच होत्या. त्यांनी मोठ्या पडद्यावर आपला चेहरा पाहिला. इतका मोठा त्यांनी तो कधीच पाहिला नसणार. "मीच का व थे?" त्या निखतला म्हणाल्या. "गंजच म्हातारी झाली मी. काढून टाक माय. टँकर येत असन त काढून टाक."

निखतने चेहरा पुसला, आणि चेहऱ्यासोबत बाईही गेल्या. फोटो सगळ्या टेबलांवरून फिरला. उजेड वाढला, कमी झाला, नाव आलं, नाव गेलं. आकाशाला काहीही झालं नाही. संकेतस्थळावर चढलं तेव्हा एकही पट्टा नव्हता, एकही दाणा नव्हता. केशरी पिवळ्यात आणि पिवळं निळ्यात असं मिसळलं होतं, की माझे हात आपोआप जोडले गेले. खरं सांगते, आमच्या देवघरातल्या तसबिरींमागेसुद्धा असं आकाश नाही.

वरून दोन पत्रं आली. एकाच कार्यालयातून, एकाच दिवशी, दोन वेगळ्या टेबलांवरून.

पहिलं असं: "आकाश निरभ्र असल्याची खात्री झाली. मात्र छायाचित्रात विहीर, घागर अथवा लाभार्थी आढळून येत नाही. सबब विहीर कोरडी असल्याचे, घागर रिकामी असल्याचे व कोणी तहानलेले असल्याचे सिद्ध होत नाही. प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे."

दुसरं असं: "आपल्या संकेतस्थळावरील छायाचित्र विभागात सर्वाधिक सुस्पष्ट ठरले असून त्यास प्रथम पुरस्कार जाहीर करण्यात येत आहे."

मोरोपंतांनी पहिलं पत्र वाचून डोळे पुसले आणि दुसरं वाचून तेच डोळे पुन्हा पुसले. "सिंधूबाई," ते मला म्हणाले, "ईश्वर एक दार लावतो तेव्हा..." पुढचं त्यांना आठवलं नाही. मग आम्ही अमरावतीच्या पुरस्कार समारंभाच्या तयारीला लागलो.

वामनरावांनी एक अडचण काढली. फोटोतून व्यक्ती कमी केली आहे. उद्या तिने तक्रार केली तर? तेव्हा तिची हरकत नाही हे तिने पाहुण्यांसमोर तोंडी सांगावं. पार्वताबाईंना निरोप गेला. निरोप नेणाऱ्याने आपल्या मनाने एवढंच जोडलं, की प्रमुख पाहुणे तिथेच टँकर जाहीर करतील. पार्वताबाई साधं लुगडं नेसून आल्या. ते धुतलेलं नव्हतं, नुसतं उन्हात वाळवलेलं होतं. घागर होतीच.

सभागृह थंडगार होतं. प्रत्येक खुर्चीवर एक पाण्याची बाटली. मोर्शीच्या बागाइतदारांनी संत्र्याचा रस पाठवला होता, तो वेगळा. मंचामागच्या पडद्यावर पिंपळखुटीचं आकाश दिसत होतं, भिंतभर. लोक आत येत, वर पाहत, आणि "वा" म्हणत खुर्चीवर बसून बाटली फोडत. काही जणांनी तिथेच निखतकडून ते आकाश मागून घेतलं. आपापल्या संगणकावर पहिल्या पानाला लावायला. डोळ्यांना फार शांत वाटतं म्हणाले.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की टंचाईच्या छायेत काम करत असूनही आमच्या कक्षाने सौंदर्यदृष्टी ढळू दिली नाही. "या आकाशाखाली राहणारी माणसं," ते पडद्याकडे हात करून म्हणाले, "किती भाग्यवान असतील!"

टाळ्या झाल्या. पार्वताबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी कानाशी विचारलं, "बाई, हे आमच्या गावचं?"

"हो."

"अन् गाव?"

"खालचं वजन वरती दिलं, पार्वताबाई."

"हां," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. "चांगलं दिसून राह्यलं. पन इतकालं आभाय घेऊन करतं काय मानूस?"

त्यांना मंचावर बोलावलं. मोरोपंतांनी ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरला. "काही हरकत नाही" एवढंच म्हणायचं होतं. पार्वताबाईंनी विचारलं, "टँकर?" सभागृह हसलं. प्रेमाने हसलं. प्रमुख पाहुणे म्हणाले, "पाहा, किती भाबडी माणसं!" आणि त्यांनी तिथल्या तिथे घोषणा केली, की पिंपळखुटीने नवा प्रस्ताव पाठवल्यास त्याचा सहानुभूतीने विचार होईल, फोटो नवा असावा, आकाश मात्र हेच ठेवावं. पुन्हा टाळ्या. राष्ट्रगीत.

लोक जेवणाकडे गेले. सभागृहात दिवे होते, पंखे होते, आणि खुर्च्यांखाली बाटल्या होत्या. कोणी दोन घोट घेऊन ठेवलेली, कोणी चार, एखादी नुसती फोडून तशीच. काही लवंडल्या होत्या आणि पाणी गालिच्यात मुरत होतं. त्या दिवशी निर्जळा एकादशी. माझी बाटली तशीच होती, ती मी पार्वताबाईंच्या घागरीत रिकामी केली. मग त्या वाकल्या आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. मी दुसरी रांग धरली. उष्ट्याला मी कधी हात लावत नाही, त्यात एकादशी. पण त्या दिवशी लावला. निखत आली, तिने ओढणी कमरेला खोचली आणि तिसरी रांग घेतली. मोरोपंत पुरस्काराची ढाल घेऊन दारातून डोकावले, आणि जेवण थंड होतंय म्हणून गेले.

घागर गळ्यापर्यंत आली. पार्वताबाईंनी कडेवर घेतली, पदराने तोंड झाकलं. जाता जाता थांबल्या.

"कोनाचं असन हो बाई एवढं उष्टं?"

"चांगल्या लोकांचं," मी म्हटलं. "शिकलेल्या. टंचाईचं वाचून हळहळणाऱ्या."

"असं का." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "भेटन त त्याइले माहा निरोप सांगजा."

तो निरोप मी इथे देते आहे, कारण त्या दिवशी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आपण होता. त्या समारंभात नाही, तर तशाच दुसऱ्या कुठल्या तरी समारंभात होता. बाटली अशीच खुर्चीखाली ठेवून उठला होता, आणि झाकण न लावता उठला होता. रागवू नका. पार्वताबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पानी गोड होतं म्हना. अन् पुढच्या बारीले दोन घोट कमी प्या म्हना.